पुढच्या मोसमाचा सौदा

यार्डातली बोली

नोव्हेंबर लागला की हिंगणघाटच्या बाजार समितीबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मॅटाडोर, छोटे हत्ती. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरखंड आणि दोरखंडाला टेकून रात्रभर जागलेला मालक. लिलाव सुरू झाला की व्यापारी आणि अडत्यांचा घोळका एका गाडीवरून दुसरीकडे सरकत जातो. कुणी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस उपसतो, कारण वरचा थर सगळ्यांचाच पांढराशुभ्र असतो. मुठीत दाबून ओल पाहायची, चिमटीत धागा ओढून लांबी जोखायची, पाला किती, कवडी किती ते नजरेनं हेरायचं आणि आकडा बोलायचा. मिनिटा-दोन मिनिटांत सहा महिन्यांच्या मेहनतीचा भाव ठरतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. तो मिळतो कापूस महामंडळानं माल घेतला तर, आणि ओल १२ टक्क्यांच्या आत निघाली तर. बाकीचा कारभार त्या घोळक्याच्या हाती.

हे गाव भावाच्या खेळात नवखं नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ नावाचा कापूस वेगळा ओळखला जाई. वणा नदी जन्मात न पाहिलेले इंग्रज दलाल त्या नावावर सौदे करत. उभ्या पिकावर उचल घेणं, माल येण्याआधी भाव बांधणं, वायद्यात कमावणं आणि वायद्यात बुडणं हे इथल्या चहाच्या टपरीवरही कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

या अंकाचा विषय ‘बाजार’. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या याच दिवसांत, जगाच्या दुसऱ्या टोकाला, एक असा बाजार भरतो की जो हिंगणघाटच्या माणसाला मुंबईच्या माणसापेक्षा लवकर कळावा. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा हा बाजार. तिथं नजर असते अठरा वर्षांच्या पोरांवर, पण विकली जातात ती पोरं नव्हेत. विकले जातात त्या पोरांना निवडायच्या रांगेतले क्रमांक.

रांगेतली जागा

क्रिकेटमुळे मेलबर्नचं अवाढव्य मैदान मराठी वाचकाला पाठ आहे. पण मेलबर्नकरांचा खरा जीव त्या मैदानावर सप्टेंबरमध्ये अडकतो. एका बाजूला १८ खेळाडू, लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान, ऑफसाइड नाही, हातानं चेंडू फेकायचा नाही तर मुठीनं मारायचा. एएफएल या त्यांच्या लीगमध्ये १८ क्लब आहेत.

१९८६ सालापासून तिथं नव्या खेळाडूंची राष्ट्रीय निवड, म्हणजे ड्राफ्ट, होते. मूळ नियम साधा. गेल्या मोसमात जो तळाला राहिला त्यानं पहिला खेळाडू निवडायचा, जो जिंकला त्यानं फेरीच्या शेवटी. निवडलेल्या पोरानं त्या क्लबात जायचं. त्याला घर जवळचं हवं की दूरचं, हे कुणी विचारत नाही. पैसेवाल्या क्लबानं दरवर्षी सगळी चांगली पोरं उचलू नयेत म्हणून ही उलटी रांग. पगारावर एकूण मर्यादा वेगळी.

इथपर्यंत हा समतेचा कार्यक्रम वाटतो. पण रांगेतली जागा हस्तांतर करता येते, असं ठरलं आणि बाजार उभा राहिला. तिसरा क्रमांक द्या, दहावा आणि अठरावा घ्या. अनुभवी खेळाडू द्या, पहिल्या फेरीतला क्रमांक घ्या. २०१५ पासून पुढच्या वर्षीचे क्रमांकही विकता येऊ लागले आणि २०१८ पासून निवडीच्या रात्री, एकीकडे नावं पुकारली जात असताना, दुसरीकडे टेबलाटेबलांवरून फोन फिरू लागले.

कोणता क्रमांक किती मोलाचा? पहिल्या वेचणीचा कापूस आणि फरदड यांत फरक असतो हे सगळ्यांना ठाऊक. पण किती फरक, हे आकड्यात कुणीतरी मांडावं लागतं. एएफएलनं ते २०१५ मध्ये मांडलं. जुन्या निवडींतल्या खेळाडूंना पुढं किती पगार मिळाले याचा हिशेब घालून प्रत्येक क्रमांकाला गुण दिले. पहिल्याला ३,०००, दुसऱ्याला २,५१७, तिसऱ्याला २,२३४, दहाव्याला १,३९५, अठराव्याला ९८५. म्हणजे दहावा आणि अठरावा मिळून तिसऱ्यापेक्षा भारी, दुसऱ्यापेक्षा हलके. तक्ता तेवढंच सांगतो. दहाव्या क्रमांकावर येणारा पोरगा तिसऱ्यापेक्षा सरस निघेल की दोन वर्षांत गुडघा धरून बसेल, हे तक्ता सांगत नाही, आणि सौदेबाजांची सगळी कमाई नेमकी त्या फटीत आहे.

न पेरलेल्या पिकाचा भाव

२०१८ ची निवड. कार्लटन हा मेलबर्नचा जुना, एकेकाळचा मातब्बर क्लब त्या मोसमात अवघे दोन सामने जिंकून तळाला गेला होता. पहिला क्रमांक त्यांचाच. त्यावर त्यांनी सॅम वॉल्शला घेतलं आणि तो पुढं उत्तम निघाला. पण त्याच रात्री लियम स्टॉकर नावाचा आणखी एक पोरगा त्यांच्या डोळ्यांत भरला आणि त्यासाठी विसाच्या आतला क्रमांक हवा होता. १९ वा क्रमांक ॲडलेडकडे होता.

सौदा असा ठरला: ॲडलेडनं १९ वा क्रमांक द्यायचा, आणि दोन्ही क्लबांनी आपापला २०१९ चा पहिल्या फेरीतला क्रमांक एकमेकांना द्यायचा. कार्लटनचा हिशेब, यंदा तळाला होतो, पुढच्या वर्षी वर चढू. मग आपला क्रमांक फार मोलाचा राहणार नाही. ॲडलेडचा हिशेब, हे काही सुधारत नाहीत.

सौदा झाला आणि दोन शहरांत एक चमत्कारिक वर्ष सुरू झालं. ॲडलेडचे लोक स्वतःच्या क्लबाइतकेच कार्लटनचे निकाल पाहू लागले. कार्लटन हरला की ॲडलेडच्या तिजोरीत भर. कार्लटन जिंकला की त्यांनी दिलेल्या मालाचा भाव पडला. वायदा केलेल्या व्यापाऱ्यानं दुसऱ्याच्या शेतावरच्या ढगांकडे पाहत बसावं, तसं.

कार्लटन २०१९ मध्ये सोळावा आला. त्यांचा क्रमांक ॲडलेडच्या हाती चौथा म्हणून पडला. हिशेबात ॲडलेड जिंकला. त्यांनी तो चौथा क्रमांकही पुढं सरकवला, बदल्यात सहावा आणि आणखी एका वर्षाचा वायदा घेतला. आणि सहाव्यावर निवडलेला फिशर मॅकेसी हा उंचापुरा पोरगा २०२३ मध्ये खेळच सोडून गेला. तिकडं स्टॉकरला कार्लटननं २०२२ च्या अखेरीस मोकळं केलं. कागदावरचा विजेता आणि कागदावरचा पराभूत, दोघांच्याही ओंजळीत फार काही उरलं नाही. सौदा चतुर असणं आणि माल चांगला निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यार्डात हात खुपसणाऱ्या व्यापाऱ्याला वेगळं सांगायला नको.

बापाची पुण्याई आणि चार सुटे क्रमांक

एएफएलमध्ये घराण्यालाही जागा आहे. बाप एखाद्या क्लबाकडून १०० सामने खेळला असेल तर मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क. मात्र फुकट नाही. दुसऱ्या कुणी त्या मुलासाठी क्रमांक पुढं केला तर हक्कदार क्लबानं तेवढ्या मोलाचे गुण मोजायचे. आधी पहिल्या फेरीत त्यात २० टक्के सूट होती. २०२५ पासून ती १० टक्क्यांवर आली.

गुणांचा हा जाच सुरू झाला तोच एका स्वस्तातल्या सौद्यामुळे. २०१४ मध्ये सिडनीच्या अकादमीत तयार झालेल्या, म्हणून सिडनीचा तसाच पहिला हक्क असलेल्या आयझॅक हीनीसाठी मेलबर्ननं दुसरा क्रमांक दाखवला. तेव्हाच्या नियमानं सिडनीला आपल्या पाळीचा पुढचा क्रमांक दिला की पुरे होतं. तो होता अठरावा. दोन नंबरचा माल अठरा नंबरच्या भावात गेला, बाकीच्यांनी ओरड केली आणि पुढच्याच वर्षी तक्ता आला.

पण नियम आला की त्यातली वाट काढणाराही येतो. कॉलिंगवूडचा पीटर डेकॉस हा जुना लाडका खेळाडू. त्याचा धाकटा मुलगा निक २०२१ च्या निवडीत येणार आणि अगदी वरच्या क्रमांकाचा ठरणार, हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. कॉलिंगवूडनं २०२० च्याच निवडीत आपला २०२१ चा पहिल्या फेरीतला क्रमांक ग्रेटर वेस्टर्न सिडनीला देऊन टाकला. मग २०२१ चा मोसम इतका वाईट गेला की तो दिलेला क्रमांक दुसरा ठरला. वर्तमानपत्रांत हसं झालं. वरवर पाहता दुसऱ्या क्रमांकाचं सोनं कवडीमोलानं गेलं होतं.

हिशेब उलटा होता. तो क्रमांक हाती असता तर निकची किंमत मोजताना तो गिळला जाण्याची भीती होती. निकसाठी गोल्ड कोस्टनं चौथा क्रमांक दाखवला. चौथ्याचे गुण २,०३४. सूट जाता उरले साधारण १,६२७. चाळीसच्या आसपासचे चार क्रमांक मिळून तेवढे गुण सहज होतात, आणि त्या क्रमांकांवर एरवी कुणी मोठा खेळाडू मिळत नाही. कॉलिंगवूडनं अशाच सुट्या चिल्लरीनं निकला घरी आणलं. २०२३ ची अंतिम लढत त्यांनी ब्रिस्बेनविरुद्ध चार गुणांनी जिंकली, तेव्हा निक संघात होता.

हरण्यातला फायदा

तळाला राहणाऱ्याला बक्षीस ठेवलं की कुणीतरी मुद्दाम तळाला राहणारच. पूर्वी फारच कमी सामने जिंकणाऱ्या क्लबाला जादा क्रमांकही मिळे. मेलबर्न क्लबाच्या २००९ च्या मोसमाबद्दल तसा संशय आला, चौकशी झाली. २०१३ मध्ये निकाल लागला तो असा: क्लब मुद्दाम हरला असं सिद्ध होत नाही, पण क्लबाला पाच लाख डॉलर दंड आणि तेव्हाचे प्रशिक्षक व एक पदाधिकारी यांच्यावर बंदी. हरल्याचा पुरावा नाही आणि शिक्षा मात्र आहे. इतका सावध निकाल आपल्याकडच्या सहकार खात्यालाही सुचला नसता.

अ, ब, क, ड

आता पुण्याकडे वळू. ड्राफ्ट नावाचा प्रकार मराठी मातीतल्या खेळात आला तो खो-खोत. ज्या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधायला घेतले, त्याची फ्रँचायझी लीग, अल्टिमेट खो-खो, २०२२ मध्ये सुरू झाली. जुलैत पुण्यातच खेळाडूंची निवड झाली, ऑगस्टमध्ये बालेवाडीत सामने. चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू असे सहा संघ. महाराष्ट्राचा खेळ, महाराष्ट्राची पोरं खोऱ्यानं, पण संघांच्या नावात महाराष्ट्र एका मुंबईपुरता.

इथं बोली नव्हती. खेळाडूंचे चार वर्ग पाडले होते. अ वर्गाला पाच लाख, बला तीन, कला दीड आणि डला एक लाख. संघांनी पाळीपाळीनं नावं उचलायची. कुणालाही कुणासाठी जास्त पैसे मोजता येत नव्हते.

विदर्भातल्या पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना अशीच होती. प्रतवारी सरकार ठरवणार, भाव प्रतवारीनुसार, घेणारा एकच. त्यात निश्चिंती होती, व्यापाऱ्याची लूट नव्हती. पण प्रत ठरवणाऱ्याच्या मर्जीवर सारं होतं, आणि शेजारी भाव चढला की हिंगणघाटवरून जाणाऱ्या हैदराबादच्या रस्त्यानं कापूस रातोरात आदिलाबाद गाठायचा.

खो-खोतला अ वर्गाचा गडी आदिलाबाद गाठू शकत नाही. आणि प्रत लावताना चूक होतेच, कारण या लीगचे नियमच वेगळे. ‘वझीर’ नावाचा गडी कोणत्याही दिशेला पळू शकतो. आकाशी सूर मारून किंवा खांबावरून झेपावून गडी बाद केला तर जादा गुण. मॅटवर सूर मारण्यात वाकबगार असलेला क वर्गातला पोरगा नुसत्या चपळ पळणाऱ्या अ वर्गातल्यापेक्षा सामन्यात भारी पडू शकतो. पहिल्याच हंगामाची अंतिम लढत पाहा. ४ सप्टेंबर २०२२, तेलुगू योद्धाज ४५, ओडिशा जगरनॉट्स ४३, वेळ संपत आलेली. ओडिशाच्या सूरज लांडेनं सूर मारून गडी टिपला, तीन गुण मिळाले आणि ओडिशा ४६-४५ असा जिंकला. साध्या बादला दोनच गुण होते.

म्हणजे क्रमांकाचं मोल ओळखणारा डोळा इथंही कामाचा. पण तो क्रमांक विकायची, पुढच्या वर्षीचा गहाण टाकायची सोय नाही. दुसऱ्या हंगामाआधी काही खेळाडू राखून ठेवायची मुभा मिळाली, एवढंच.

हातोड्याचा हिशेब

कबड्डीनं दुसरी वाट धरली, उघड लिलावाची. २०१४ मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेला राकेश कुमार पाटण्यानं १२ लाख ८० हजारांना घेतला. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाखांहून अधिक ओतले. जुन्या मालकाला शेवटच्या बोलीची बरोबरी करून आपला गडी परत घेण्याचं कार्डही मिळतं. डेकॉससाठी कॉलिंगवूडनं जे गुणांनी केलं, ते इथं रुपयांनी होतं.

पुणेरी पलटणनं यात दोन्ही वाटा एकत्र करून दाखवल्या. नगरकडच्या अस्लम इनामदारसारखी पोरं त्यांनी कोवळ्या वयात, स्वस्तात घेऊन घडवली. आणि मग वाचलेल्या पैशातून इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाख मोजले. मार्च २०२४ मध्ये अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणनं हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. पुढच्या लिलावात शादलूला २ कोटी ७ लाखांना त्याच हरियाणानं नेलं, आणि पुढचं विजेतेपदही हरियाणानंच नेलं.

लिलावात खेळाडूला स्वतःची किंमत कळते, हा त्याचा मोठा गुण. अमरावतीचा जितेश शर्मा २०२२ च्या आयपीएल लिलावात २० लाखांच्या पायाभूत किमतीत पंजाबकडे गेला. २०२४ च्या अखेरीस बंगळुरूनं त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. ड्राफ्टच्या वर्गवारीत हे होणं शक्य नव्हतं.

वायद्याला लागते खात्री

मग भारतातल्या लीगमध्ये भविष्यातल्या क्रमांकांचा बाजार का भरत नाही? आपले संघचालक हिशेबात कच्चे आहेत, असं कुणी म्हणणार नाही. ज्या देशात मटक्याचा आकडा न्यूयॉर्कच्या कापूस बाजारावरून निघू लागला, तिथं सट्ट्याच्या बुद्धीची वानवा नाही.

कारण साधं आहे. पुढच्या वर्षी बाजार भरणार, याची खात्री असल्याशिवाय वायदा होत नाही. कार्लटन आणि ॲडलेड यांनी २०१९ चा क्रमांक हातावर हात ठेवून बदलला, कारण २०१९ चा मोसम होणार याबद्दल ऑस्ट्रेलियात कुणाच्या मनात शंका नव्हती. इकडं हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर थांबली ती २०२४ च्या डिसेंबरातच परतली. २०२५ मध्ये फुटबॉलची आयएसएल ठरल्या वेळी सुरूच झाली नाही. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम सप्टेंबर २०२२ मध्ये संपला आणि दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये कटकला सुरू झाला. मध्ये सव्वा वर्ष. अशा ठिकाणी ‘पुढच्या वर्षीचा पहिला क्रमांक’ हा कागद कोण विकत घेईल?

ही अनिश्चितता संघमालकापेक्षा हिंगणघाटच्या पोराला जास्त भोवते. शाळेच्या मैदानावर दोन खांब रोवून खो-खो खेळणाऱ्या मुलापुढची वाट ठरलेली आहे: तालुका, जिल्हा, नागपूर विभाग, मग राज्य. शालेय स्पर्धांत वर पोचलं तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. पुढं शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्राची ही किंमत घरातल्यांना कळते, कारण ती पुढच्या वर्षीही तितकीच राहणार असते. लीगची तशी नाही. पोलीस भरती आणि ड वर्गाचे एक लाख यांत बाप कशाकडे बोट दाखवील, हे सांगायला नको.

शिवाय एक वळसा आहे. राष्ट्रीय खो-खो स्पर्धेत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा पोरगा महाराष्ट्राकडून खेळत नाही. विदर्भाचा संघ वेगळा असतो. पुणे, मुंबई, ठाणे, सांगलीच्या पट्ट्यातल्या खेळाडूंनी भरलेला महाराष्ट्राचा संघ पदकांच्या आसपास असतो आणि निवड करणाऱ्यांच्या नजरेतही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष संघानं नेपाळला ५४-३६ असं हरवलं तो पुण्याच्या प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली, आणि महिलांनी नेपाळलाच ७८-४० असं हरवलं त्या प्रियंका इंगळेच्या. महिलांनी विश्वचषक आणला, तोवर झालेले लीगचे दोन्ही हंगाम मात्र फक्त पुरुषांचे होते.

एएफएलचं सगळंच उचलायचं कारण नाही. गुणांचे तक्ते, निवडीच्या रात्रीचे फोन, हरण्याचे डावपेच, हे सारं आपल्याकडे नंतर आलं तरी चालेल. दोन गोष्टी मात्र आधी हव्यात. तळाच्या संघाला पहिली निवड हा नियम लेखी आणि कायमचा असावा. आणि खो-खोच्या लीगनं पुढच्या तीन हंगामांच्या तारखा एकदमच जाहीर कराव्यात, विदर्भाच्या संघाची निवड चाचणी सुरू होण्याच्या आधी.